जाड तारेचा तिसरा पडदा

अबुनो, ३ जुलै

मानोय देस्तो,

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तू पहिल्या ओळीलाच घडी घालून ते लुसिंगवहिनीच्या चुलीत टाकणार नाहीस. माझा नंबर तू फोनवर अडवून ठेवला आहेस. तीनदा लावून पाहिला, तीनदा तीच बाई तेच वाक्य बोलली. मग कागद घेतला. मानांग साबेल दर गुरुवारी सुकी मासळी घेऊन इकडच्या बाजारात येते आणि शुक्रवारच्या बोटीने तुमच्या पोरो बेटावर परत जाते, तिच्या टोपलीतून हे तुझ्याकडे येईल. कागदाला वास आला तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

कारण एकच आहे. मला गिटारसाठी ॲम्प निवडायचा आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

ओडेट वादळात सान रोकेच्या चॅपेलचं छप्पर उडालं, ते तुझ्या कानावर आलं असेल. आता नवीन बांधलंय. लांबी दुप्पट, पत्रा उंच, दोन्ही बाजू उघड्या. वारा छान येतो, आणि आवाज त्याच वाटेने बाहेर जातो. मी पुढे बसून जीव तोडून वाजवते आणि चौथ्या बाकापलीकडे फक्त कोरसमधल्या फेलिसाचा गळा पोचतो. फेलिसाच्या गळ्याला काय, तो फिलिपिन्स ओलांडूनही जाईल.

नवे फादर रोमेल बत्तीस वर्षांचे आहेत, फार गोड बोलतात. परवा म्हणाले, “नानाय सिद्रा, तुमचे हात दुखत असतील. या फिएस्टाला गोसोस माझ्या पेन ड्राइव्हवरून लावू या का? ऑर्गनसकट आहेत, अगदी स्वच्छ.” ऐकलंस? आपल्या बापाने, तातायने, बसवलेली सान रोकेची गाणी, पन्नास वर्षं आपल्या घरातल्या माणसाने आपल्या घरच्या गिटारीवर वाजवलेली, ती आता पेन ड्राइव्हवरून येणार. आणि एका वर्षी आली की दर वर्षी येणार, हे तुलाही कळतं. मी म्हटलं, गिटार मागच्या बाकापर्यंत ऐकू आली तर? ते म्हणाले, मग प्रश्नच नाही. समितीने पैसे काढून दिले आणि ॲम्प निवडायचं माझ्या गळ्यात पडलं. नऊ दिवसांची नोव्हेना सात ऑगस्टला सुरू होते, सणाचा दिवस, फिएस्टा, सोळाला.

चॅपेलच्या भोंग्याला गिटार लावून पाहिली. पहिल्याच तारेच्या झटक्याला असा हंबरडा फुटला की सान रोकेच्या मूर्तीच्या पायाशी बसलेला लाकडी कुत्रासुद्धा पळाला असता. ॲम्पचा दोष, भोंग्याचा दोष, की गिटारीचा, हे सांगणारं आता अबुनोत कुणी राहिलेलं नाही. गिटारींची वर्कशॉपं आहेत, पोरं आहेत, पण सगळे पर्यटकांसाठी शिंपल्यांची नक्षी चिकटवतात. लाकूड काय बोलतंय ते ऐकणारा एक होता, तो तुमच्या बेटावर मासे धरतोय.

गिटार कुठली ते विचारू नकोस. तीच.

सिद्रा


अबुनो, १३ जुलै

मानोय,

साबेल आज आली. मी तिला बाजारात गाठून भाजीच्या ढिगाआड नेलं आणि सगळं वदवून घेतलं. तू पत्र उभ्याउभ्याच वाचलंस म्हणे, खिशात घातलंस, तिच्याशी पाण्यापावसाचं बोललास. ती निघताना मात्र मागून विचारलंस, “कितव्या पडद्यावर ओरडते?”

सहा वर्षांनी तीन शब्द. तेही मला नाहीत, गिटारीला. पण मला किती बरं वाटलं ते सांगत नाही, नाहीतर तू डोक्यावर बसशील.

जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ओरडते. दुसऱ्यावर नुसती गुरगुरते, चौथ्यावर थोडी, पाचव्यावर शांत. पण आपली गोसोस नेमकी त्या तिसऱ्या पडद्याच्या सुरातच आहेत, प्रत्येक ओळ तिथेच येऊन टेकते. सूर वर चढवावा तर कोरसमधल्या बायका फेलिसा सोडून सगळ्या गुदमरतात. खाली आणावा तर त्या म्हणतात, हे सणाचं गाणं आहे की मयताचं.

या दहा दिवसांत तीन यंत्रं पाहिली. पहिलं शेजाऱ्यांचं व्हिडिओके, ते गाणाऱ्याला गुण देणारं. हसू नकोस, इथे प्रत्येक घरात ते आहे आणि त्यात माइकची भोकं आहेत, मग गिटारची वायर घालून पाहायला काय हरकत? आवाज आला, पण प्रत्येक सुराचे पाच सूर होऊन, जणू मी विहिरीच्या तळाशी बसले आहे. वाजवून थांबले तर तुतारी वाजली आणि टीव्हीवर एकाहत्तर गुण आले. फेलिसाने लगेच माइक घेतला आणि चौऱ्याण्णव मिळवले. तेव्हापासून ती मला एकाहत्तर म्हणते.

दुसरा ॲम्प चौकातल्या बँडवाल्यांचा, इलेक्ट्रिक गिटारचा, म्हशीएवढा. त्यात आपल्या नायलॉनच्या तारा गेल्या की नुसती ठकठक, नाकातून बोलल्यासारखा आवाज. वरचे बारीक सूर कुठे जातात कोण जाणे. बँडचा पोरगा म्हणाला, मानांग, हा लोखंडी तारांसाठी केलाय, ह्याला तुमची भाषा कळत नाही. पोरगा बरा आहे. तिसरा शाळेतल्या कीबोर्डचा होता, आवाज साफ, पण तिसऱ्या पडद्यावर तोच हंबरडा.

वायर गिटारीच्या कुशीतल्या, आवाज उचलणाऱ्या डबीतूनच जाते. त्या डबीचं नाव काढलेलं तुला आवडणार नाही, पण आता विषय निघालाच आहे तर माझंही ऐक. सहा वर्षांपूर्वी मी रिसॉर्टच्या लॉबीत दुपारी वाजवत होते. मॅनेजर रोज म्हणायचा, बाई, कारंज्यापुढे तुम्ही ऐकू येत नाही. तू पित्ताशयाचे खडे काढायला दहा दिवस हॉस्पिटलात. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. शहरातल्या माणसाने गिटारीची कूस, ती बाजूची फळी, कापली, डबी बसवली, तारांच्या घोडीखाली पट्टी सरकवली, तासाभराचं काम. तू घरी आलास, गिटार हातात घेतलीस, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, “तातायच्या कुशीत सुरी घातलीस.” त्यावर मी काय बोलले ते तुला आठवतं, मला आठवतं, इथे लिहीत नाही. आठवड्याभरात हत्यारांची पेटी घेऊन तू लुसिंगच्या माहेरी निघून गेलास.

ॲम्पचं काय ते कळव. साबेलकडे निरोप दिलास तरी चालेल.

सिद्रा


अबुनो, २७ जुलै

मानोय,

गेल्या गुरुवारी तुझ्याकडून काही आलं नाही. साबेल म्हणाली, पत्र वाचलंस, मान हलवलीस आणि होडीला रंग देत बसलास. बरं. होडीही महत्त्वाची आहे.

मी मात्र शहरात जाऊन आले. बसमध्ये गिटार मांडीवर घेऊन दोन तास. कोलोन रस्त्यावरच्या एका दुकानात गेले, तिथला माणूस पन्नाशीचा, बोटांची नखं वाढवलेली, म्हणजे वाजवणारा. मी गिटार काढली तर त्याने आधी मागून पाहिली. “फणस?” म्हणाला. मी म्हटलं, फणसच, आमच्या दारचा. मग त्याने मला स्टुलावर बसवलं आणि एकेक ॲम्प लावत गेला. मला वाटायचं मोठा तो चांगला. तर तसं नसतं म्हणे. नायलॉनची गिटार मुळात हळू बोलणारी, तिला ओरडायला लावणारा ॲम्प नको, तिचंच बोलणं उचलून पुढे ठेवणारा हवा. अशा गिटारींसाठी वेगळे ॲम्प असतात. त्यात मोठ्या स्पीकरबरोबर बारीक सुरांसाठी एक चिमुकला स्पीकर असतो, आणि दोन भोकं, एक गिटारला, एक गाणाऱ्याच्या माइकला.

शेवटी दोन उरले. एक जड, ताकदीचा, दिव्याच्या विजेवर चालणारा. दुसरा त्याच्या निम्मा, पण चार्ज करून ठेवला की पाच तास विजेशिवाय वाजणारा. दुकानदार म्हणाला, चॅपेल मोठं असेल तर पहिलाच घ्या. मी पाऊण तास दोघांमध्ये खुर्ची सरकवत बसले. पहिल्याचा आवाज भरदार, पोटात शिरणारा. दुसऱ्यात मी ती तातायची गत वाजवली, अंगठ्याने चालते ती, आणि मला माझीच गिटार ऐकू आली, फक्त दुसऱ्या खोलीत कुणी बसून वाजवतंय असं वाटलं. मी छोटा घेतला. फिएस्टाच्या दिवशी आपल्या वस्तीत वीज किती टिकते ते त्या दुकानदाराला काय माहीत.

आठ दिवस वापरून पाहायच्या बोलीवर आणलाय. आवाज अर्ध्यावर ठेवला तर स्वर्ग, पण अर्ध्यावर सहाव्या बाकापर्यंतच जातो. पुढे वाढवला की तिसरा पडदा. एक बटण उलटसुलट दाबायचं असतं, ते दाबलं. एक बटण फिरवून तो नेमका सूर कापायचा असतो, ते फिरवलं, तर हंबरडा कमी झाला पण गिटारीचं पोटच गेलं, नुसती कातडी वाजतेय असं वाटलं. काल सरावाला फादर येऊन बसले होते. मध्येच ती किंचाळली. ते खिशातल्या पेन ड्राइव्हशी चाळा करत राहिले.

सगळे म्हणतात नवीन गिटार घे, दुकानात डबीसकट मिळतात, एकही ओरडत नाही. दुकानदारानेही एक हातात दिली. वाजवली. चांगली होती. खाली ठेवली. का ते मला सांगता आलं नाही, आणि तुलाही आत्ता सांगत नाही.

नोव्हेनाला अकरा दिवस उरलेत. तू येऊन बघितलंस तर पाच मिनिटांत सांगशील. ये असं मी म्हणत नाही. नुसतं सांगते, तू आलास तर पाच मिनिटांत होईल.

सिद्रा


अबुनो, ३ ऑगस्ट

मानोय,

साबेलने आज टोपलीतून काढून एक पुडकं दिलं. त्यात चपलेचा तुकडा होता. रबरी, निळा, तुझ्याच जुन्या चपलेचा असणार, टाचेकडून झिजलेला. गोल कापलेला, कडेला खाच. सोबत एक ओळही नाही.

मला वाटलं तू चप्पल पाठवून माझी लायकी दाखवतो आहेस. मग खाच पाहिली आणि कळलं. गिटारीच्या तोंडात, तारांखालच्या गोल भोकात, बसवला. बसला. ढिला नाही, घट्ट नाही, बोटाने ढकलला आणि जागच्या जागी राहिला. चॅपेलमध्ये गेले, ॲम्प लावला, आवाज निम्म्याच्या वर नेला, आणखी वर नेला, आणि डोळे मिटून जाड तारेचा तिसरा पडदा दाबला. ओरडली नाही. सूर दारापर्यंत गेला आणि थांबला. माझा जीव भांड्यात पडला, मानोय. फेलिसा मागच्या बाकावर होती, ती तिथूनच म्हणाली, “आता ब्याण्णव.”

म्हणजे इतके दिवस मी ॲम्प बदलत बसले आणि बंद करायचं होतं तिचं तोंड. हे तू साबेलला एका वाक्यात सांगू शकला असतास. तसं न करता चप्पल कापलीस, ती माप धरून. आणि त्या मापामुळेच आता मला हे लिहावं लागतंय.

तातायच्या गिटारींची तोंडं मोठी असायची. अबुनोत अजून चार आहेत, मी मोजली आहेत, चारही सारख्या. ह्या गिटारीचं तोंड त्यांच्यापेक्षा लहान आहे. तू ती गिटार सहा वर्षांत पाहिलेली नाहीस आणि तरी केसाचा फरक न ठेवता रबर कापलंस. इतकं माप डोळ्यांत राहतं ते एकाच माणसाच्या, ज्याने ते तोंड स्वतः कापलेलं असतं.

मला हे चपलेवरून कळलेलं नाही. मला सहा वर्षं माहीत आहे.

शहरातल्या त्या माणसाने कुशीतला कापलेला तुकडा माझ्या हातात दिला, आठवण म्हणून ठेवा म्हणाला. मी उलटा करून पाहिला. आपल्या वर्कशॉपात लाकूड वाकवायच्या आधी आतल्या बाजूला ज्याची त्याची पेन्सिलची खूण असते, पुढे तडा गेला तर कोणाचं काम ते भांडण नको म्हणून. तातायची खूण वर्तुळात क्रूस. तुकड्यावर क्रूस नव्हता. तुझी खेकड्याची नांगी होती.

तातायची शेवटची गिटार म्हणून मी ती अकरा वर्षं मिरवली. आणि दर वेळी, मानोय, दर वेळी, कोणी तुझ्या गिटारीचं कौतुक केलं की मी म्हणायचे, देस्तोचं काम स्वच्छ आहे, पण हिच्यासारखा गळा त्याला जमला नाही. तुझ्यासमोर म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. ती मांडीवर घेऊन म्हणायचे. तू लाकूड तासत राहायचास.

मी तो तुकडा पर्समध्ये घालून घरी आले तेव्हा मला तुझी क्षमा मागायची होती, देवाशपथ. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण तू घरी येऊन सुरी घातलीस म्हणालास आणि मला राग आला. आणि मी म्हणाले, “गिटार वाजवणाऱ्याची असते, बनवणाऱ्याची नाही. आणि हिचा बनवणारा तर तू नाहीसच.” तुकडा पर्समध्ये होता तेव्हा. माहीत असून म्हणाले. तुला जिथे सर्वांत जास्त लागेल तिथे मारलं, आणि तू पांढराफटक पडलास, आणि मला वाटलं, जिंकले.

हे सहा वर्षं मी कोणाला सांगितलं नाही. पाद्र्यालाही नाही. आत्ता लिहून झालं आणि छातीवरून कोणीतरी उठून गेल्यासारखं हलकं वाटतंय. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, हे माफी मागायला नाही. ते खोटं होतं. चारही पत्रं माफीचीच आहेत, ॲम्प निमित्ताला होता. तसा ॲम्प हवाही होता.

तू आला नाहीस तरी मी सोळा तारखेला वाजवीन. पण ये.

सिद्रा


अबुनो, १२ ऑगस्ट

मानोय,

हे कसं पोचेल माहीत नाही. तीन दिवस बोटी बंद आहेत, साबेल या गुरुवारी आलीच नाही, त्यामुळे माझं पत्र वाचून तू काय केलंस ते सांगणारं कोणी नाही. मी रोज धक्क्यावर जाऊन फळा वाचते. रोज तेच, वादळी समुद्राचा लाल बावटा.

नोव्हेनाचे सहा दिवस झाले. गिटार दारापर्यंत जाते. फादर काल म्हणाले, “पेन ड्राइव्हवर आता मी घरी गाणी ऐकतो, नानाय.” कोरसच्या बायकांनी चपलेच्या तुकड्यावर फादरच्या मिस्साच्या झग्याचं उरलेलं पांढरं कापड चढवलंय, देवापुढे चप्पल नको म्हणून. गाणी पेन ड्राइव्हपासून वाचली. हे तुझ्यामुळे झालं, एवढं तरी तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं.

तू पत्र वाचून रागावला असशील तर तेही बरोबर आहे. न बोलता राहिलास तर मात्र मला कठीण जाईल.

सिद्रा


पोरो, २४ ऑगस्ट

इंदाय,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. लुसिंग समोर बसली आहे, संपेपर्यंत जेवायला वाढणार नाही म्हणते. तेव्हा ऐक.

फिएस्टाच्या दिवशी फेलिसाच्या अंगणात वीस माणसं, मध्ये अख्खं डुक्कर, तू मला भात वाढलास, मांस वाढलंस आणि विचारलंस, मीठ बरोबर आहे का. मी म्हटलं बरोबर आहे. सहा वर्षांनी एवढंच झालं आपलं बोलणं. संध्याकाळच्या बोटीला मला निघावं लागलं, पुढची थेट शुक्रवारी होती. म्हणून आता कागदावर.

तुझं पत्र मला चार तारखेलाच मिळालं होतं. राग आला. माहीत असून म्हणालीस, हे वाचून राग आला. दोन दिवस होडी घेऊन लांब गेलो आणि तुला शिव्या दिल्या, मोठ्याने. तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या. मग बोटी बंद. लुसिंग म्हणाली, आता बसा. पंधरा तारखेला रात्री बावटा उतरला तशी तिच्या भावाची होडी निघाली मासे पोचवायला, मी तीत बसलो. फिएस्टाला ओल्या कपड्यांत दिसलो, ते तिथेच भिजलो.

सोळाच्या सकाळी चॅपेलला पोचलो तेव्हा सणाची मिस्सा निम्मी झाली होती. मी आत आलो नाही, मागच्या दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या बाईजवळ उभा राहिलो. तुझ्या पत्रांत लिहिलं होतं की तिथे ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम तिथे. जाड सूर जरा जास्त होते, पत्र्याला लागून घुमत होते. मी हात वर करून खाली केला. तू चष्मा घातला नव्हतास, तुला वाटलं समितीचं कोणी असेल, तू बटण खाली फिरवलंस. मी आणखी थोडं म्हणून खूण केली, तू आणखी फिरवलंस. मग मी हात आडवा धरला, बस म्हणून. तसा हात वर्कशॉपात कोण धरायचं ते तुला आठवलं असणार, कारण तू मान वर केलीस आणि तिसऱ्या कडव्यात सूर चुकलीस. चुकलीस, फेलिसाला काहीही सांग.

मग वीज गेली. वस्तीतली सगळी व्हिडिओके एकदम मेली, पंखे थांबले, माइक गेला. आणि तुझा छोटा ॲम्प चालूच. मी आजवर तिथे इतकी शांतता ऐकलेली नाही. त्यात गिटार आणि बायकांचे उघडे गळे. रस्त्यावरची माणसं दाराशी येऊन उभी राहिली. माझ्या शेजारची मेणबत्तीवाली म्हणाली, कोणाची गिटार ही? मी सांगितलं, आमच्या म्हाताऱ्याची. सवयीने तेच तोंडात आलं.

आता खरं सांगतो. तातायचे हात शेवटच्या वर्षी वाटीसुद्धा धरत नव्हते. तो म्हणाला, सिद्रासाठी एक करायची आहे, दार लावून घे. मी करायचो, तो बाकावर बसून ऐकायचा. मी लाकडावर बोटाने टकटक करायचो, तो म्हणायचा, इथे अजून जाड आहे, इथे थांब. तोंड लहान ठेव असंही तोच म्हणाला, तुझा हात हलका आहे म्हणून. कान त्याचा, हात माझे. आत चिकटवायची नावाची चिठ्ठी मात्र त्याने स्वतः लिहिली, एक दुपार गेली त्यात. मला म्हणाला, तिला सांगू नकोस, तिला वाटू दे. मी शब्द दिला. म्हणजे तू मिरवत होतीस ते अगदीच खोटं नव्हतं. पण गळा मला जमत नाही म्हणायचीस तेव्हा मी लाकूड तासत नव्हतो, इंदाय. हात थांबू नये म्हणून नुसता रंधा फिरवत होतो.

आणि खूण. तुला वाटत असेल मी ती पुसायला विसरलो. विसरलो नाही. वाकवायच्या आधी पाणकापड हातात घेतलं होतं, आणि ठेवून दिलं. कधीतरी कोणीतरी बघावं असं वाटलं. पुढे तू कूस कापून आणलीस तेव्हा मी भोकाला रागावलो नव्हतो. तू आत बघितलंस की काय याची भीती वाटली, आणि मग तू म्हणालीस बनवणारा तू नाहीसच, तेव्हा वाटलं बघितलं नाहीस, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. असा मी मूर्ख. बघावं म्हणून खूण ठेवली, बघितलं असेल म्हणून घाबरलो, बघितलं नाही म्हणून घर सोडलं.

लोकांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तातायला दिलेला शब्द तुझ्यापुरता होता, तुझं तुलाच कळलं, आता मी मोकळा. मला बरं वाटतंय. लुसिंग म्हणते मी कालपासून शिट्टी वाजवतोय.

माझ्या दाराशी फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या दीड वर्ष सावलीत वाळतायत. होडीसाठी ठेवल्या होत्या. होडीला दुसरं लाकूड चालेल. तुझ्यासाठी गिटार करतोय. आतल्या चिठ्ठीवर माझं नाव घालीन. वाईट वाजली तर माझ्या तोंडावर सांग, चांगली वाजली तरी तोंडावरच सांग.

डबीचं भोक मीच कापीन. कूस वाकवून तयार आहे. पुढच्या शुक्रवारी साबेलबरोबर बोटीत बस, आणि कुठे कापायचं ते खडूने आखून दे.

देस्तो